कार्यपद्धती बसवून देणारी सेवा: चार महिने, नव्वद हजार रुपये आणि वहीतल्या रेघा

भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे मशीनशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन), वडिलांच्या काळातले एक मिलिंग मशीन, एक रेडियल ड्रिल आणि मला धरून पंधरा माणसे, एवढाच पसारा. वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क हे मुख्य काम. मागच्या वर्षी आम्ही एका सल्लागार संस्थेकडून आमच्या कामाच्या पद्धती ठरवून, लिहून आणि बसवून घेतल्या. मुदत चार महिन्यांची होती आणि शुल्क नव्वद हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे वरचे १६,२०० रुपये आम्ही भरायच्या जीएसटीतून वळते झाले, पण नव्वद हजार खिशातूनच गेले. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर ‘उद्योजकाचा वेळ मोकळा करणे’ हे उद्दिष्ट ठळक अक्षरांत छापलेले होते, त्यामुळे हे परीक्षण मी त्या एका वाक्याला धरूनच लिहितो आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या एका संस्थेच्या नसून या प्रकारच्या सेवेच्याच आहेत, असे माझे मत झाले आहे. वेगवेगळ्या सल्लागारांकडून असेच काम करून घेतलेल्या दोन स्नेह्यांचा अनुभवही फारसा निराळा नाही.

सेवा घेण्याआधीची स्थिती सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सकाळी साडेआठला शटर उघडायला मी हजर, रात्री नऊपर्यंत शॉपमध्ये, आणि नव्या कामाचे दरपत्रक काढायचे तर जेवण झाल्यावर घरी, डोळ्यांवर झापड आलेली असताना. मरायलाही फुरसत नाही, असे मी चारचौघांत सांगत असे आणि खरे सांगायचे तर त्यात थोडा अभिमानही असे. गुरुवारची सुट्टी फक्त मशीनना असायची; मी त्या दिवशी प्लेटिंगवाल्याकडे अडकलेला माल सोडवत फिरत असे. दिवसभरात नेमके काय केले, असे कोणी विचारले असते तर मला धड दोन कामे सांगता आली नसती, आणि तरीही संध्याकाळी अंगात त्राण उरलेले नसायचे.

पहिल्या बैठकीला संस्थेचे वरिष्ठ गृहस्थ आले, चहा घेऊन आणि बरेच बोलून गेले. प्रत्यक्ष काम त्यांनी पाठवलेल्या एका तरुण अभियंत्याने सुरू केले, आणि ते ज्या पद्धतीने सुरू केले त्यातच या सेवेचे निम्म्याहून अधिक मोल होते. त्याने माझ्या केबिनच्या दाराशी एक स्टूल टाकले, शंभर पानी वही उघडली आणि दोन दिवस तो तिथून उठला नाही. ‘साहेब’ असे म्हणत कोणी माझ्याकडे आले की एक रेघ. फोनवर आले तरी एक रेघ. रेघेपुढे चार रकाने होते: कोणी विचारले, काय विचारले, किती मिनिटे गेली आणि याचे उत्तर शॉपमध्ये आणखी कोणाला ठाऊक होते का. शेवटचा रकाना तो माझ्या नकळत, विचारणाऱ्याला नंतर बाजूला घेऊन भरत होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळले.

पहिल्या दिवशी ६३ रेघा झाल्या, दुसऱ्या दिवशी ५८. पहिल्या दिवशीच्या ६३ प्रश्नांना उत्तरे देण्यात माझी दोन तास दहा मिनिटे गेली होती. हा आकडा ऐकून मला आधी वाटले, की तेरा तासांच्या दिवसात दोन तास म्हणजे काही फार नाहीत. पण ६३ जागी तुटलेल्या दिवसात सलग अर्धा तास एकदाही मिळालेला नव्हता, आणि दरपत्रक काढायला किंवा नव्या कामाचा फिक्श्चर, म्हणजे पीस मशीनवर पकडून धरणारा साचा, कसा असावा याचा विचार करायला निदान तेवढा तरी सलग वेळ लागतो. मात्र मला खरा धक्का चौथ्या रकान्याने दिला. ६३ पैकी ४१ प्रश्नांचे उत्तर विचारणाऱ्याला स्वतःलाच किंवा आमच्या सुपरवायझरना ठाऊक होते. ही माणसे माझ्याकडे उत्तर विचारायला येतच नव्हती. मान हलवून घ्यायला येत होती.

सुपरवायझर वडिलांच्या वेळेपासून आहेत, सगळे शॉप त्यांना मामा म्हणते आणि मीही तेच म्हणतो. त्या अभियंत्याने मामांना विचारले, की पुढचा जॉब कोणता लावायचा हे तुम्हाला माहीत असताना साहेबांना का विचारता? मामा शांतपणे म्हणाले, “विचारलं नाही आणि चुकलं, तर माझं चुकतं. विचारून चुकलं, तर कामाचं चुकतं.” कार्यपद्धती म्हणजे काय, याची मी आजवर ऐकलेली सर्वांत स्वच्छ मांडणी हीच आहे, आणि ती सल्लागाराच्या तोंडून आलेली नाही.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जे बसले ते या सेवेचे खरे फळ आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. रेघांचे सगळे प्रश्न पाहता ते नऊच प्रकारचे निघाले: पुढचा जॉब कोणता, नवा इनसर्ट (हत्यारावर बसवायची, धार गेली की बदलायची टिकली) काढू का, ड्रॉइंग कुठले धरायचे, संशयाचा पीस पास करायचा का, माल प्लेटिंगला आज पाठवायचा का, टेम्पोवाल्याला पैसे द्यायचे का, रजा, उचल आणि ग्राहकाला तारीख काय सांगायची. प्रत्येक प्रकाराला एकच गोष्ट ठरवायची होती, ती म्हणजे होकार देण्याची मुभा कोणाची आणि कुठपर्यंत. त्याचे एक पान तयार झाले, एकच पान, आणि तेही मराठीत.

इनसर्टचे उदाहरण घेतो, कारण ते लहान आहे आणि त्यावरून बाकीचे कळते. आम्ही टर्निंगला (लेथवरच्या कापणीला) जे सीएनएमजी प्रकारचे इनसर्ट वापरतो त्यांना चार धारा असतात आणि दहा इनसर्टची एक डबी येते. पूर्वी डब्या माझ्या कपाटात कुलपात असत, कारण मध्यंतरी काही डब्या नाहीशा झाल्या होत्या. त्यामुळे धार गेली की ऑपरेटर मशीन थांबवून माझ्याकडे यायचा, मी फोनवर असलो तर दारात उभा राहायचा, आणि तोपर्यंत तासाला काही शे रुपये खाणारे मशीन नुसते उभे असायचे. आता डब्या मामांकडे आहेत आणि नियम एकच आहे: चारही धारा गेलेला जुना इनसर्ट द्या आणि नवा न्या. जुने दहा जमले की मामा पुढची डबी फोडतात, आणि मी आठवड्यातून एकदा जुने आणि नवे मोजून पाहतो. याने चोरीचा प्रश्न सुटला, मशीनचे उभे राहणे थांबले आणि रोजच्या रेघांमधल्या सात-आठ रेघा पुसल्या गेल्या. एक अनपेक्षित फायदाही झाला: दोन धारा वापरून इनसर्ट फेकून देणारा ऑपरेटर कोण, तेही आपोआप समजले.

पुढच्या जॉबचा प्रश्न एका पांढऱ्या फळ्याने सोडवला. प्रत्येक मशीनसमोर तीन चौकटी आहेत, आत्ताचा जॉब, त्यानंतरचा आणि त्याच्या पुढचा. संध्याकाळी सहाला मामा उद्याचा फळा लिहितात. माझ्यासाठी त्यात एक अट घातली गेली, की मला काही बदल सुचवायचा असेल तर तो सहाच्या आत सुचवायचा आणि सहानंतर फळ्याला हात लावायचा नाही. त्या अटीखाली माझी सही घेतली गेली, तेव्हा मला ते पोरकट वाटले. चौथ्याच दिवशी एका ग्राहकाचा चढ्या आवाजातला फोन आला आणि सकाळी दहाला मी चालू जॉब उतरवून त्याचा जॉब चढवायला लावला. सेटिंग बदलण्यात पावणेदोन तास गेले, उतरवलेला जॉब दुपारी पुन्हा चढवण्यात तेवढेच, आणि ज्याच्यासाठी हे सगळे केले त्या ग्राहकाची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल न्यायला आली. अभियंता काही बोलला नाही, फक्त फळ्याच्या कोपऱ्यात त्याने ‘साडेतीन तास’ असे लिहून ठेवले. ते मी आठ दिवस पुसले नाही.

दुसरा मोठा विषय ड्रॉइंगचा. सेवा घेण्याच्या तीन महिने आधी आमचे एका भागाचे २१२ पीस परत आले होते. ग्राहकाने बोअरची खोली १८ मिलिमीटरवरून साडेसोळा केली होती, सुधारित ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, मी ते पाहून होकाराची अंगठ्याची खूणही पाठवली होती, आणि मशीनवर मात्र मागच्या खेपेचा तेल लागलेला कागद तसाच चिकटवलेला राहिला होता. दोष कोणाचा, यावर त्या दिवशी शॉपमध्ये पुष्कळ आवाज झाला. पद्धत बसवताना कळले, की दोष माणसाचा नव्हताच. नवा कागद मशीनपर्यंत नेणे आणि जुना काढून फाडणे हे काम कोणाच्याच नावावर नव्हते. आता ड्रॉइंग कोणत्याही वाटेने आले तरी ते ऑफिसात एकाच ठिकाणी छापले जाते, त्यावर सुधारणा क्रमांक, तारीख आणि लाल शिक्का पडतो, आणि जुना कागद हातात आल्याशिवाय नवा दिला जात नाही. लाल शिक्का नसलेल्या कागदावरून मशीन चालवायचे नाही आणि फोनवरच्या चित्रावरून तर नाहीच नाही. या एका पद्धतीने माझा रोजचा वेळ फारसा वाचला नाही, पण वर्षातून दोन-तीनदा येणारे जे आठवडे माल परत आणण्यात, माफी मागण्यात आणि रात्रपाळी लावण्यात जात, ते वाचले. आणि वेळेच्या व्यवस्थापनावर बोलणारे लोक दिवसाच्या तासांचाच हिशेब मांडतात, अशा वाया गेलेल्या आठवड्यांचा मांडत नाहीत, असे मला वाटते.

जॉब चढवल्यावर पहिला पीस तपासून सही झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, हा नियम आमच्याकडे तोंडी होताच. त्याला आता सात ओळींची तपासयादी आहे. जुन्या ऑपरेटरना ती अपमानास्पद वाटली. वीस वर्षे मशीन चालवणाऱ्याला चक (लेथवर पीस पकडणारा जबडा) घट्ट केला का, हे काय विचारायचे? त्यावर अभियंत्याने १९३५ सालच्या बोइंगच्या मॉडेल २९९ या विमानाची हकीकत सांगितली. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला ओहायोत अमेरिकी सैन्यापुढे चाचणीचे उड्डाण होते आणि वैमानिकही कसलेला होता. पण विमान जमिनीवर उभे असताना शेपटीचे पडदे वाऱ्याने हलू नयेत म्हणून घातलेली अडकण काढायची राहून गेली, आणि विमान उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळले. वैमानिकांच्या तपासयाद्यांचा प्रसार त्या अपघातानंतर झाला. हकीकत खरी आहे, मी नंतर ताडून पाहिली. ती ऐकून आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरने यादी हातात घेतली, वाचली आणि त्यात आठवी ओळ घालायला सांगितली: चकची चावी चकमधून काढली का? ती यादीत नव्हती, आणि आमच्या जुन्या लेथवर तिनेच एकदा एकाच्या मनगटाचे हाड मोडले होते. पद्धत लिहिणाऱ्याने ती चालवणाऱ्याला विचारूनच लिहावी, हे मी शंभर वेळा ऐकले होते. कळले ते तेव्हा.

येणे वसूल करण्याच्या कामालाही अशीच शिस्त लागली. पूर्वी पैशांची आठवण झाली की मी फोन करायचो, आणि पैशांची आठवण पगाराच्या आदल्या आठवड्यात होते. आता मंगळवारी दुपारी तीन ते चार एवढाच वेळ त्या कामाला ठेवला आहे. तीस दिवसांवरच्या बिलांना ऑफिसातून नम्र संदेश जातो, चाळीस दिवसांवरच्यांना मी स्वतः फोन करतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहेच, आणि उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूदही आहे. पण ग्राहकाला व्याज मागणारा जॉबवर्कवाला मी अजून पाहिलेला नाही. खरा फरक पडला तो १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३ ब (ह) या कलमाने, कारण मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्चात धरता येते, हे ग्राहकांच्या हिशेबनिसांनाही ठाऊक असते. पूर्वी मी मालकाला फोन करून गयावया करायचो. आता आमच्या ऑफिसातून त्यांच्या हिशेबनिसाला बिलांची यादी आणि आमच्या उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघुउद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक जातो. काम तेच, पण त्यातला माझा वेळ आणि माझी लाज दोन्ही कमी झाले.

आता तक्रारी. तिसऱ्या महिन्यात तो तरुण अभियंता दुसऱ्या कामावर गेला आणि त्याच्या जागी जो आला त्याने आमच्याच खर्चाने आमचे शॉप पहिल्यापासून समजून घेतले. त्यात तीन आठवडे गेले आणि मुदत मात्र तेवढी वाढवून मिळाली नाही. या नव्या गृहस्थांचा ओढा कागदांकडे होता. शेवटी जी फाइल हाती आली ती १८४ पानांची आणि पूर्ण इंग्रजीत होती, आणि तिच्यातले निम्मे मजकूर दुसऱ्या कोणत्यातरी कारखान्यासाठी लिहिलेले होते. एका पानावर तर पेंट शॉपची देखभाल कशी करावी हे होते, आणि आमच्याकडे रंगाचा डबाही नाही. पुढे आयएसओ प्रमाणपत्र घ्यायचे तर ही फाइल लागेल, असे सांगितले गेले. वास्तविक आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत स्वतंत्र गुणवत्ता पुस्तिकेची सक्तीच उरलेली नाही. लागते ती आवश्यक तेवढी लिखित माहिती. ती फाइल सध्या माझ्या कपाटात, पूर्वी इनसर्टच्या डब्या असत त्या जागी आहे.

फॉर्म एकूण अकरा दिले होते, त्यातले चार उरले. सात का गळाले ते सांगतो. दर तासाला पाच पीस मोजून मापे लिहायचा एक तक्ता होता. पहिल्या आठवड्यात सगळ्या रकान्यांत व्यवस्थित मापे दिसली आणि मी खूश झालो. मग एक दिवस तक्ता उजेडाकडे धरून पाहिला, तेव्हा सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंतच्या आठ ओळी एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने आणि एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या. जेवणाच्या सुट्टीच्या तासातही माप नोंदलेले होते. माणसाला खोटे लिहायला लावणारी पद्धत आपणच पैसे मोजून आणली, याची मला शरम वाटली. एक ऑपरेटर दोन मशीन सांभाळतो तिथे दर तासाला पाच पीस मोजणे शक्यच नव्हते, आणि हे त्याला विचारले असते तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते. आता दर दोन तासांना एक पीस, एकच महत्त्वाचे माप, आणि ते फॉर्मवर नाही तर मशीनलगतच्या पाटीवर खडूने. पाटीवर मागच्या दोन तासांचे माप दुपारी चारला एकदम लिहिले तर येताजाता सगळ्यांना दिसते.

जागा नीटनेटकी ठेवण्याच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीचा फलक भिंतीवर लागला, हे वेगळे सांगायला नको. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके हे पाच जपानी शब्द भोसरीतल्या निदान अर्ध्या शॉपच्या भिंतींवर असतील, आणि त्यांतल्या बऱ्याच फलकांच्या मागे मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. आमच्याकडे त्यातले पहिले दोनच उतरले: नको ते काढणे आणि हवे ते ठरल्या जागी ठेवणे. पाने आणि गेज यांच्या आकाराच्या रेघा काढलेला एक फळा प्रत्येक मशीनजवळ आला, आणि ‘तेराचा पाना कोणी नेला’ ही आरोळी थांबली, हेही काही कमी नाही. शेवटच्या महिन्यात आम्हाला एका मोबाइल अ‍ॅपची वार्षिक वर्गणी घ्यायचा बराच आग्रह झाला. प्रत्येक काम त्यात टाकायचे, प्रत्येकाने पूर्ण झाल्याची खूण करायची, अशी ती योजना. तेलाने माखलेल्या हातांनी फोनच्या काचेवर खुणा करायला लावणाऱ्याने एकदा तरी मशीनवर उभे राहून पाहावे. आम्ही घेतले नाही.

सेवा घेण्याआधी मला जे कोणी सांगितले नाही ते इथे नोंदवतो. केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना मार्च २०२३ पासून सुरू आहे आणि तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राची योजना निराळी. तिच्यात ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे टप्पे आहेत आणि शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुउद्योगाला ६० टक्के सूट मिळते. दोन्हींसाठी उद्यम नोंदणी हवी. आमच्या शेजारच्या शॉपने लीन योजनेतून काम करून घेतले. त्यांची जागा आमच्यापेक्षा नीटनेटकी झाली आहे आणि रिजेक्शन उतरले आहे, पण त्यांच्या मालकांचा फोन मात्र पूर्वीसारखाच वाजत असतो. त्या योजनांचा रोख वाया जाणारा माल, जागा आणि श्रम यांवर आहे, मालकाच्या वेळेवर नाही. तरीही आज पुन्हा ठरवायचे झाले तर मी आधी लीन योजनेत नाव घालीन, आणि खासगी सल्लागाराकडून फक्त पहिल्या सहा आठवड्यांचे काम, म्हणजे वही, रेघा आणि मुभेचे पान, एवढेच मागीन. त्याला तीस-पस्तीस हजारांहून अधिक देण्याचे कारण नाही. पाचापेक्षा कमी माणसे असतील तर तेही नको. तिथे सगळे एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असतात आणि मालक स्वतः मशीनवर असतो. त्याला लागतो तो एक मदतनीस, पद्धत नव्हे.

मोकळ्या झालेल्या वेळेचे काय केले, हे सांगितल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही, कारण विकली गेलेली वस्तू तीच होती. पहिले पंधरा दिवस मी काहीच केले नाही. सकाळी अकराला फोन वाजेना, दारात कोणी येईना, तेव्हा मीच उठून मशीनपाशी जाऊन उभा राहू लागलो. आपली गरज उरली नाही की काय, अशी विचित्र धास्ती वाटत असे. मग एका सकाळी व्हीएमसीचा तासाचा खर्च मांडायला बसलो. कर्जाचा हप्ता, वीज, ऑपरेटर, हत्यारे, गाळ्याचे भाडे असे सगळे धरून तो ५४० रुपयांच्या घरात आला, आणि आमच्या एका जुन्या, नियमित आणि गोड बोलणाऱ्या ग्राहकाचा भाग आम्ही तासाला ३८० रुपये पडतील अशा दराने करून देत होतो. चार वर्षे. दर मीच लावला होता, रात्री जेवणानंतर, त्या झापडेतच. ग्राहकाकडे जाऊन हिशेब समोर ठेवला. त्यांनी निम्मी वाढ दिली, उरलेल्यासाठी आम्ही फिक्श्चर बदलून एका खेपेत दोनऐवजी चार पीस बसवले. त्या एका भागातून जे सुधारले त्याने नव्वद हजार सात महिन्यांत भरून आले. ते श्रेय मी सेवेला देतो, अर्धे का होईना, कारण ती सकाळ तिच्यामुळे मिळाली.

संस्थेने वार्षिक देखरेखीचा तीस हजारांचा करार पुढे केला होता. तो मी घेतला नाही. दर सहा महिन्यांनी एक दिवस वही घेऊन रेघा ओढायचे काम मामांनी आपणहून मागून घेतले आहे. मागच्या खेपेला माझ्याकडे आलेल्या प्रश्नांच्या १९ रेघा झाल्या आणि त्यातल्या अकरा खरोखरच माझ्या होत्या. वही परत देताना मामांनी पान उलटले. मागच्या बाजूला त्यांनी न सांगता दुसरा तक्ता मांडला होता: साहेबांनी चालू काम थांबवून कोणाला काय विचारले. त्यात २७ रेघा होत्या.